ताडोबासाठी कॅमेरा, परीक्षा नान्नजच्या माळावर

भावाने ताडोबाच्या सफारीचं बुकिंग केलं आणि त्याच रात्री वहिनीचा फोन आला, "ताई, फोटोचं काय करायचं?" बेत असा होता: मोहर्ली गेटवरून सकाळची फेरी, मग चंद्रपूरचा गोंडराजांचा किल्ला, आणि येताना वर्ध्याला उतरून सेवाग्राम. ताडोबात सफारीच्या गाडीत मोबाइल नेऊ देत नाहीत. आमच्या घरात मोबाइल सोडून फोटो काढायचं दुसरं साधन नव्हतं. तेव्हा कॅमेरा घ्यायचा हे ठरलं, आणि कुठला घ्यायचा हे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

मला या कामाची मनापासून हौस होती. माझं आजोळ सोलापूरजवळच्या वडाळ्याकडचं. ज्वारीच्या रानाकडेला काळविटांचा कळप उभा असलेला मी लहानपणापासून बघत आले आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य तिथून जवळ. ते १९७९ साली जाहीर झालं. माळढोक आता तिथे दिसणं जवळजवळ संपलंच, ही सल सोलापूरच्या प्रत्येक पक्षीप्रेमीला आहे. मामांनी तो उडताना पाहिला होता, मी नाही. त्याचा एकही फोटो आमच्या घरात कुणाकडे नाही. म्हणूनच, जे अजून दिसतंय त्याचं नीट चित्र आपल्याकडे असावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आधी झूमचा आकडा सांगितला. कुणी म्हणालं ८३ एक्स, कुणी म्हणालं १२५ एक्स, आता त्याच्याखाली बघूच नका. हा आकडा म्हणजे फक्त गुणोत्तर असतं. लेन्स २४ मिलिमीटरपासून सुरू होऊन २००० ला संपत असेल, तर २००० भागिले २४ म्हणजे ८३. जनावर किती मोठं दिसेल ते शेवटच्या आकड्यावर ठरतं. फोटो किती स्वच्छ येईल, हे यातल्या कुठल्याच आकड्यावरून कळत नाही. हे मला सगळ्यात आधी समजावून सांगितलं आमच्या गल्लीतल्या निवृत्त सरांनी. हिवाळाभर ते हिप्परगा तलावाच्या बांधावर पक्षी बघत असतात आणि त्यांच्याकडे निकॉनचा पी९०० आहे. "घेऊन जा चार दिवस, पण नान्नजला पहाटे वापर आणि दुपारीही वापर," असं म्हणून त्यांनी कॅमेरा हातात दिला. दोन्ही वेळांना वापरायचा हा सल्ला पुढच्या सगळ्या निर्णयाला पुरला.

पी९०० ला ब्रिज कॅमेरा म्हणतात. लेन्स कायमची जोडलेली, बदलायची भानगड नाही. बांधावर बसून मी त्यातून पलीकडच्या काठावरचे चित्रबलाक बघितले. पिसांवरचा गुलाबी पट्टा दिसत होता. पाण्यातले वारकरी, हळदी-कुंकू बदकं, सगळं एकदम हाताशी आल्यासारखं वाटलं. दुपारी चारचं ऊन, पक्षी स्थिर, कॅमेरा बांधावर टेकवलेला. अशा वेळी या कॅमेऱ्यासारखं सुख नाही.

नान्नजला पहाटे मात्र चित्र बदललं. सूर्य वर यायच्या आधी काळविटं गवतात चरत होती. पूर्ण झूम केलं की या कॅमेऱ्याचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/६.५ एवढंच उघडतं (हा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). उजेड कमी पडला की कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवतो आणि अंगावरचे केस जाऊन त्या जागी रंगाचे डाग येतात. त्यात समोर गवताची काडी आली की फोकस काडीवर बसायचा आणि मागचा नर धूसर. तो नर उडी मारून पळाला तेव्हा कॅमेरा अजून फोकस शोधत होता.

मग उन्हं चढली. अकराच्या सुमाराला उजेड भरपूर होता, तरी फोटो पहाटेपेक्षाही मऊ येऊ लागले. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत होती आणि तिच्यातून दिसणारं जनावरही थरथरत होतं. दोनशे मीटरवरच्या कळपाचा एकही फोटो रेखीव आला नाही. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे. लाखो रुपयांची लेन्स आणली तरी माळावरची दुपारची हवा ती स्थिर करू शकत नाही. यावर उपाय दोनच: जवळ जायचं, नाहीतर सकाळी लवकर जायचं. अभयारण्यात जनावराच्या मागे जवळ जाणं योग्य नाही, म्हणून उरलं लवकर जाणं. आणि लवकर जायचं म्हणजे कमी उजेडात काम करणारा कॅमेरा हवा. माझी निवड खरं तर त्या सकाळीच अर्धी झाली होती.

घरी येऊन मी वही काढली. शाळेतलं साधं त्रैराशिक यात उपयोगी पडतं. लेन्सची लांबी गुणिले जनावराची उंची, भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर) पडणारी प्रतिमा. लेन्सची लांबी म्हणजे तिच्यावर लिहिलेले मिलिमीटर. काळवीट खांद्यापाशी साधारण ऐंशी सेंटिमीटर. १०० मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या लेन्सने ती प्रतिमा ३.२ मिलिमीटर उंच येते. लेन्स बदलता येणाऱ्या कॅननच्या कॅमेऱ्यांतल्या एपीएस-सी नावाच्या मापाच्या सेन्सरची उंची १४.९ मिलिमीटर. म्हणजे चौकटीचा पाचवा भाग. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोत तेवढ्या भागाला साडेआठशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. कापून, जवळ आणून, पोस्टकार्डाएवढी छापील प्रत नक्की निघते. माळ आणि आकाशासकट फोटो ठेवला तर मला तो जास्तच आवडतो.

आता वाघ. शेपूट सोडून साधारण १.८ मीटर लांब धरला, आणि ताडोबाच्या रस्त्यावर तो ३० मीटरवर आडवा उभा राहिला, तर त्याच ४०० च्या लेन्सने प्रतिमा २४ मिलिमीटरची होते. सेन्सर रुंदीला २२.३ मिलिमीटर. म्हणजे तोंड किंवा मागचा भाग बाहेर! दहा मीटरवर आला तर लेन्स १०० पर्यंत मागे यायला हवी, तेव्हा कुठे तो पूर्ण मावतो. हे गणित बघून मला खरोखर आनंद झाला, कारण तोपर्यंत सगळे मला १५० ते ६०० च्या मोठ्या लेन्सकडे ढकलत होते. पहिल्यांदा जंगलात जाणाऱ्याला लांब पोचण्याइतकंच जवळचं मावणंही महत्त्वाचं आहे, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

सेन्सरचं गणितही तिथेच केलं. पी९०० चा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, एपीएस-सीचा २२.३ बाय १४.९. क्षेत्रफळात जवळजवळ बारापट फरक. जनावर खूप दूर असेल तर या मोठ्या सेन्सरचा बराच भाग रिकामाच जातो आणि छोट्या कॅमेऱ्याची लांब झूम बरोबरीला येते. पण जनावर चौकट भरण्याइतकं जवळ असेल आणि उजेड कमी असेल, तर मोठा सेन्सर कितीतरी पुढे राहतो. सागाच्या आणि बांबूच्या जंगलातली सकाळ म्हणजे नेमकं हेच: जनावर जवळ, उजेड कमी. हिप्परग्याच्या बांधावरची दुपार याच्या उलट.

सोलापूरच्या पूर्व भागात लग्नाचे फोटो काढणारे एक अण्णा आमच्या ओळखीचे. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागले की दोन्ही भाषा एकत्र. त्यांच्याकडे निकॉनचा डी७२०० आणि ७०-३०० ची लेन्स. "अक्का, वापरून बघा, पण पट्टा गळ्यात घाला," एवढीच अट. हा कॅमेरा हातात घेतला आणि पहिल्या क्षणी जाणवला तो आरशातून दिसणारा खरा, जिवंत देखावा. भर उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. सोलापूरच्या उन्हात डोळ्याला लावायची खिडकी नसलेला कॅमेरा घेऊच नये, असं माझं ठाम मत झालं.

पहाटेची काळविटं डी७२०० ने फारच छान दिली. आयएसओ ३२०० वरही अंगावरचा पोत टिकला. पळणाऱ्या कळपाला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग लावला आणि हवेत चारही पाय उचललेली मादी मिळाली. तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे. ३०० थोडं कमी पडत होतं, ४०० असती तर बरं, हेही तेव्हाच कळलं.

अण्णांनी जुन्या बाजाराबद्दल जे सांगितलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. लग्नाच्या धंद्यातून निघालेला कॅमेरा वरून चकचकीत असतो, पण आतलं शटर, म्हणजे फोटो घेताना उघडझाप करणारा पडदा, किती वेळा पडलंय ते बघायचं. डी७२०० चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. निकॉनमध्ये नुकत्याच काढलेल्या फोटोच्या माहितीतून तो आकडा वाचता येतो. विकणारा तो दाखवायला टाळत असेल तर उठून यायचं. लेन्समध्ये एका बाजूने बॅटरी मारून दुसऱ्या बाजूने बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती कमी धरते, पण लेन्स समुद्रकाठच्या गावातून आली असेल तर नक्की तपासायचं. आणि ७०-३०० नावाच्या लेन्सेस अनेक आहेत. निकॉनवर व्हीआर, कॅननवर आयएस, टॅमरॉनवर व्हीसी, सिग्मावर ओएस ही अक्षरं असतील तरच हाताचा कंप सावरणारी सोय आत असते. जाहिरातीत स्वस्त दिसणारी लेन्स बऱ्याचदा या अक्षरांवाचूनची असते. ही सोय आपला हात सावरते, पळणारं जनावर नव्हे. त्याला शटरचा वेगच लागतो.

डी७२०० सारखा जुना कॅमेरा आणि निकॉनची २००-५०० ची लेन्स असा एक पर्याय मी बराच काळ मनात घोळवला. चित्रं सुरेख येतात यात वाद नाही. पण लेन्सच २३०० ग्रॅम, कॅमेरा धरून तीन किलोच्या पुढे. माझ्या मनगटाला आणि वहिनीच्या खांद्याला ते रोजचं ओझं झालं असतं, आणि जड कॅमेरा कपाटात राहतो. पुण्यात मोठ्या लेन्सेस दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत ठेवून. एकाच सहलीपुरता विचार असेल तर तो मार्ग उत्तम आहे. मला मात्र सहलीच्या आधी महिनोन् महिने नान्नजला सराव करायचा होता आणि नंतरही.

मग नवी पेठेतल्या दुकानात गेले. तिथले काका शांत माणूस. त्यांनी आधी कॅननचा आर१०० आणि दोन लेन्सेसचा संच समोर ठेवला, किंमत बजेटात. मी फोकसबद्दल विचारलं. हा कॅमेरा माणसांचे चेहरे ओळखतो, प्राणी ओळखत नाही, असं त्यांनी स्वतःहून स्पष्ट सांगितलं. पडदाही एकाच जागी घट्ट आणि स्पर्शाने चालत नाही. मग आर५० काढला. हा २०२३ चा, प्राणी-पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस ठेवणारा. माहितीपत्रात कुत्री, मांजरं, पक्षी अशी नावं. काळवीट त्यात नाही! म्हणून मी तो दुकानाच्या दारात घेऊन आले. समोरच्या बोळात एक शेळी कागद खात उभी होती. तिच्यावर रोखला तर चौकोन जाऊन थेट डोळ्यावर बसला, तिने मान फिरवली तरी सुटला नाही. मध्ये सायकल गेली, तरी परत शेळीवर आला. गवताच्या काडीवर अडकणाऱ्या फोकसची आठवण ताजी होती, त्यामुळे हा चौकोन बघून मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही.

आर५० च्या वरचा आर१० ही बघितला. त्याला बोटाखाली दोन चक्रं आहेत, फोकसचा बिंदू हलवायला छोटी दांडी आहे, आणि सलग फोटो घेत राहण्याचा दमही जास्त. रोज जंगलात जाणाऱ्याने तोच घ्यावा. माझ्या हिशेबात त्या फरकाचे पैसे लेन्सकडे वळवणं जास्त शहाणपणाचं होतं, कारण कॅमेरे दर दोन वर्षांनी नवे येतात, लेन्स मात्र पंधरा वर्षं साथ देते.

लेन्स ठरली कॅननची आरएफ १००-४००. वजन ६३५ ग्रॅम. आर५० बॅटरीसकट ३७५. दोन्ही मिळून एक किलो. हिच्यावर एकच आक्षेप आहे आणि तो खरा आहे: ४०० ला छिद्र एफ/८. अण्णांनीही भुवया उंचावल्या. पहाटे उजेड कमी, त्यात एफ/८, म्हणजे आयएसओ ६४०० पर्यंत जाणारच. पण तसे फोटो संगणकावर नॉइज, म्हणजे ते रंगाचे डाग, कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून नीट निघतात, त्यासाठी रॉ, म्हणजे कच्च्या, स्वरूपात काढायचे एवढंच. सरांच्या पी९०० मध्ये रॉची सोयच नाही. शिवाय लेन्स १०० वर आणली की छिद्र एफ/५.६ होतं, आणि जवळच्या जनावरासाठी तेच लागतं. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-४५ ची छोटी लेन्स किल्ल्यासाठी, सेवाग्रामच्या कुट्यांसाठी पुरते. स्थलदर्शनावर मी यापेक्षा जास्त विचार केला नाही. त्यासाठी आजचे मोबाइलसुद्धा चांगले आहेत.

एकूण खर्च लाखाच्या पुढे गेला. इंटरनेटवर बराच स्वस्त भाव दिसत होता, पण बारकाईने वाचलं की भारतातली वॉरंटी नाही असं लिहिलेलं. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड हातात घेऊनच पैसे दिले. लेन्सचा हूड, म्हणजे पुढे लावायची ऊन अडवणारी कड, वेगळा घ्यावा लागतो. तो घ्याच, तिरप्या उन्हात फरक पडतो. दुसरी बॅटरीही घेतली. छोट्या बॅटरीत तीन-साडेतीनशे फोटो होतात आणि थांबून वाट बघताना खिडकीतून बघत राहिलं तरी ती उतरत जाते.

सफारीच्या गाडीत तिपाई उभी करता येत नाही, म्हणून गाडीच्या दांडीवर ठेवायची पिशवी शिवली. जाड सोलापुरी चादरीचा तुकडा, दोन कप्पे, आत मंगळवेढ्याची ज्वारी. बाजारात अशी पिशवी विकत मिळते, पण ज्वारी दाबली की लेन्सच्या आकाराप्रमाणे बसते आणि अजिबात सरकत नाही. कॅमेरा आणि लेन्स दोन्हींना धुळीपासून पक्कं संरक्षण नाही, त्यासाठी वरून एक टर्किश टॉवेल. आपल्या गावच्या मालाचा असा उपयोग होताना बघून बरं वाटलं.

सराव नान्नजलाच केला. शटरच्या वेगाला प्राधान्य देणारा मोड, आयएसओ आपोआप पण ६४०० ची मर्यादा, शटरचा वेग हजाराव्या भागाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, स्थिर जनावर असेल तर अडीचशेव्या भागापर्यंत. एवढ्या चार गोष्टी बोटांना न बघता जमायला हव्यात. धाविक पक्षी मातीत मिसळून जातो, पण थोडा चालला की कॅमेरा त्याचा डोळा पकडतो. भोवत्या माळावरून खाली खाली तरंगत जातो, त्याच्याबरोबर लेन्स फिरवायला शिकले. लांडगा एकदाच, फार दूर, ऊन चढल्यावर दिसला. फोटो मऊ आला, तरी ठेवलाय.

ताडोबात पहिल्या वळणावर बांबूखाली सांबर उभं होतं. खिडकीतून बघितलं तर आयएसओ ६४०० ला टेकलेला, शटर अडीचशेव्या भागावर. पिशवीवर लेन्स, श्वास रोखून काढला, आणि शिंगांवरची दवाची ओल फोटोत आली. तासाभराने एक वाघीण रस्ता ओलांडून आमच्या गाडीपासून अगदी जवळून गेली. शेजारच्या गाडीतले एक गृहस्थ मोठी लेन्स घेऊन होते, त्यांना फक्त तोंड मिळालं. मी १०० वर आणली होती, ती पूर्ण मावली, मागच्या सागाच्या खोडांसकट. वहिनी काहीच बोलली नाही, नुसता माझा दंड घट्ट धरून बसली.

परत आल्यावर वहिनीच्या वडिलांनीही कॅमेरा घ्यायचा म्हणून मला विचारलं. त्यांचे गुडघे दुखतात, जंगलात जायचं नाही, हिप्परग्याच्या बांधावर खुर्ची टाकून हिवाळ्यात पट्टकदंब बघायचे आणि रात्री गच्चीवरून चंद्र. त्यांना मी निकॉनचा पी९५० सुचवला. सरांच्याच कॅमेऱ्याचा पुढचा भाऊ, त्यात रॉची सोयही आहे. पक्षी दूर, दुपारचा उजेड भरपूर, लेन्स बदलायची कटकट नाही. आता सर आणि ते शेजारी शेजारी बसतात, आणि मी गेले की दोघेही आधी माझ्या कॅमेऱ्याचं वजन हातात घेऊन बघतात.